अनुसूया मिसनी खोडलेली तीन पानं

म्हैसूरमधल्या निम्म्या लोकांना अनुसूयाबाईंनी इंग्रजी शिकवलं होतं, आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांनीच शिकवायला हवं होतं, असं त्यांचं स्वतःचं स्पष्ट मत होतं. छत्तीस वर्षं मुलींच्या एका हायस्कुलात काढून त्या निवृत्त झाल्या, तरी भाजीवाल्यापासून बँकेतल्या मॅनेजरबाईंपर्यंत सगळे त्यांना 'मिस'च म्हणत. बोगादी भागातल्या घरात बसून दोन वर्षं वर्तमानपत्रांतल्या चुका काढून झाल्या, आणि मग विद्यापीठातल्या लेखन केंद्राचं बोलावणं आलं. चला, उशिरा का होईना, कुणाला तरी अक्कल सुचली, असं म्हणून बाई रुजू झाल्या.

केंद्र म्हणजे ग्रंथालयाच्या मागच्या दोन खोल्या आणि सहा टेबलं. कुणी कन्नडमधून शिकलेलं, कुणी उर्दूतून, कुणाच्या घरी तुळू, कुणाच्या घरी तेलुगू. प्रबंध मात्र सगळ्यांना इंग्रजीतच लिहावा लागे. ही मुलं इथं येत, आपलं लिहिलेलं मोठ्यानं वाचत, अडलं की जी भाषा तोंडात येईल तीत सांगत, आणि मग तेच पुन्हा इंग्रजीत बोलून, लिहून बघत. शिकवणाऱ्यानं फक्त विचारायचं. केंद्र चालवणाऱ्या वेदवतीनं तसा नियमच घातला होता. पेन्सिल मुलाच्या हातात राहील. शिकवणाऱ्यानं कागदावर एक रेघही ओढायची नाही. त्यासाठी त्यानं मुलाच्या डाव्या हाताला बसायचं, म्हणजे मोह झाला तरी हात सहजासहजी पोचत नाही.

"अय्यो वेदवती, हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं," अनुसूयाबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

वेदवती सोसले गावाकडची, चाळिशीची, आवाज कधी न चढवणारी. "शेळ्या त्यांच्या आहेत ना, मिस," ती म्हणाली आणि चिठ्ठ्यांचं पॅड त्यांच्या पुढ्यात ठेवलं. प्रत्येक बैठकीनंतर शिकवणाऱ्यानं चिठ्ठीवर दोन ओळी लिहायच्या: मी काय विचारलं, आणि विद्यार्थ्यानं काय ठरवलं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण बाईंनी सहा महिने ती दाबून धरली. आणि एक गोष्ट त्यांना मनातल्या मनात कबूल करावी लागली. नुसतं विचारत राहिलं की मुलं खरंच बोलायला लागत. हे त्यांनी वेदवतीला अर्थातच सांगितलं नाही.

तुळसी आली ती जुलैमध्ये. बन्नीमंटपाकडे तिच्या वडिलांचं, गुंडुरावांचं, साड्यांना रोल-प्रेस करून द्यायचं आणि विटलेल्या साड्या पुन्हा रंगवायचं दुकान होतं. घरातून विद्यापीठात आलेली ती पहिलीच. म्हैसूरच्या मराठी बोलणाऱ्या रंगारी आणि छापणाऱ्या घरांनी आपला धंदा का सोडला, यावर तिचा एम.फिल.चा प्रबंध चालला होता. मार्गदर्शक होते प्रोफेसर नरसिंहमूर्ती. लिहिलेलं वाचायला सांगितलं तर ती ओठांतल्या ओठांत पुटपुटायची.

"घरी काय बोलता गं?" बाईंनी कन्नडमध्ये विचारलं.

"मराठी, मिस. म्हणजे पुण्याची नाही. आमची."

"आमची म्हणजे आपलीच की!" बाई एकदम मराठीवर आल्या. "मी अप्पारावांची अनुसूया. वडील सरकारी कचेरीत होते माझे. बस सरळ. आता मला सांग, तू काय लिहिलंस? पुस्तक नको सांगू. सुम्ने, सहज गोष्ट सांगितल्यासारखं सांग."

तुळसीनं त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं आणि मग ती सांगायला लागली.

मंगळवार आणि गुरुवार, अकरा वाजता, असा त्यांचा नेम ठरला. तुळसी एक परिच्छेद वाचायची, कागद पालथा घालायची आणि खिडकीबाहेर बघत तेच इंग्रजीत बोलून दाखवायची. सुरुवातीला एकेक शब्द रेशनच्या रांगेतल्या माणसासारखा पाय ओढत यायचा. बाई म्हणायच्या, "परवाइल्ला, काही हरकत नाही, थांब. मराठीत सांग आधी." मग ती मराठीत सांगायची, मराठी शब्द संपला की कन्नडमध्ये, आणि तिथून पुन्हा इंग्रजीत उडी. ऑक्टोबरमध्ये एक दिवस ती बाईंशी चक्क इंग्रजीत भांडली. बाईंचं म्हणणं चूक होतं आणि तिनं ते तीन वाक्यांत दाखवून दिलं. त्या दिवशी बाईंनी तिला कँटीनमध्ये नेऊन कॉफी पाजली. आपली पोरगी, असं त्यांच्या मनात येऊन गेलं आणि त्यांना फार बरं वाटलं.

चौथं प्रकरण तिनं आणलं ते दसऱ्यानंतर. वाचण्याआधीच ती थोडी चुळबुळत होती. प्रकरणाचा मुद्दा मात्र भलताच धीट होता. सगळी पुस्तकं सांगतात की गिरणीचं कापड आलं, तयार रंग आले आणि हा धंदा बसला. तुळसी अकरा म्हाताऱ्यांकडे जाऊन बसली होती आणि त्या वेगळंच सांगत होत्या. गिरण्या आल्यावरही गिऱ्हाईक होतं, म्हणाल्या. धंदा सोडला तो लेकींपायी. निळीच्या पिंपात कोपरापर्यंत बुडालेले हात धुऊन निघत नसत. मुलगी बघायला आलेले आधी हात बघत. दुसऱ्यांच्या लग्नात रंगाच्या हातांच्या बाईला वाढायला उभं करत नसत. मग एकेका घरातल्या बाईनं हात काढून घेतला, आणि तिच्यामागून घरानं.

"पुढं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा बदलला होता.

तुळसी वाचत गेली. एका म्हातारीनं आपल्या शेजारणीची हकिकत सांगितली होती. ही शेजारीण साऱ्या गल्लीत हुशार. निळीचं पिंप तयार झालं की नाही हे फक्त तिला कळायचं, चार घरांची नीळ तिच्या शब्दावर चाले. त्रेसष्ट साली तिच्या बारा वर्षांच्या मुलीला शाळेत इंग्रजीचं बक्षीस मिळालं. समारंभाच्या सकाळी मुलगी म्हणाली, अम्मा, तू येऊ नको, तुझे हात सगळ्यांना दिसतील. शेजारीण गेली नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून ती पिंपाकडेही गेली नाही. वर्षाच्या आत चारही घरांची पिंपं कोरडी पडली.

अनुसूयाबाई खिडकीकडे बघत राहिल्या.

ते बक्षीस त्यांच्याकडे अजून होतं. सकाळचं ते बोलणंही त्यांना आठवत होतं. लहानपणी सगळेच आईला काहीबाही बोलतात, असं म्हणून त्यांनी ते केव्हाच मिटवून टाकलं होतं. पण त्यानंतर आईनं काम सोडलं होतं ते वडिलांना कचेरीत बढती मिळाली म्हणून, अशी त्यांची पक्की समजूत होती. आई तसंच सांगायची. एकोणपन्नास वर्षं त्या स्वतःलाही तसंच सांगत आल्या होत्या. लोकांसमोर तर रंगाचं नावही त्यांनी कधी काढलं नव्हतं. वडील सरकारी कचेरीत होते, एवढंच. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि ही पोर ती मूठ विद्यापीठाच्या टेबलावर, डबल स्पेसमध्ये टाइप करून उघडत होती.

"हे गप्पाष्टक झालं, तुळसी," त्या म्हणाल्या. "प्रबंधात असलं चालत नाही."

"पण मिस, खरं आहे ते."

"असेल खरं. पुरावा कुठाय? कुणी म्हातारी काही बोलली, ते लिहायचं? पुस्तकांत काय आहे ते लिही."

तुळसीनं पेन्सिल कागदाला लावली नाही. तेव्हा बाईंनी आडवा हात घालून तिच्या बोटांतून पेन्सिल काढून घेतली, तीन पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघा मारल्या, आणि समासात आठ ओळी स्वतः लिहिल्या. सुरेख इंग्रजी होतं ते. गिरणीच्या कापडाचं आगमन, समाजाचं हळूहळू इतर व्यवसायांकडे वळणं, वगैरे. मग चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं: विद्यार्थिनीनं मजकूर आटोपशीर करायचं ठरवलं.

पंधरा दिवसांनी नरसिंहमूर्तींच्या खोलीत तुळसीची झाडाझडती झाली. ते मूळचे रागीट नव्हते, पण त्यांना फसवलेलं आवडत नसे. चौथं प्रकरण समोर धरून त्यांनी विचारलं, ही आठ वाक्यं कुणाची? बाकीचा प्रबंध तुझ्या आवाजात आहे, आणि इथं अचानक कुणी तिसराच माणूस बोलतो. आणि तुझ्या अकरा बाया कुठं गेल्या? हे तर शंभर जणांनी लिहून ठेवलंय.

तुळसी मूग गिळून बसली. शिकवणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, अशी तिच्या घरची शिकवण. तिचं गप्प बसणं त्यांना कबुलीच वाटलं. ते म्हणाले, दहा दिवसांनी खुली तोंडी परीक्षा आहे, धारवाडहून परीक्षक येतील. ते प्रकरण तुला स्वतःच्या तोंडानं, पुराव्यासकट मांडता आलं तर ठीक. नाहीतर प्रबंध परत, आणि पुन्हा एक वर्ष. तुळसीच्या वडिलांनी एवढ्याच वर्षाची मुदत दिली होती. त्यानंतर दुकान आणि लग्न, असं घरात ठरलेलं होतं.

हे सगळं वेदवतीला कळलं ते नरसिंहमूर्तींकडूनच. मुलांचे प्रबंध तुमच्याकडं लिहून मिळतात काय, असं त्यांनी फोनवर विचारलं होतं. तिनं चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि अनुसूयाबाईंच्या टेबलाशी येऊन बसली. ती एक चिठ्ठी तिनं त्यांच्यासमोर ठेवली.

चोराच्या मनात चांदणं. "मला काय दाखवतेस? नियम मला पाठ आहेत," बाई तडकल्या.

"मी नियमाचं बोलत नाही, मिस. मला एवढंच सांगा, त्या दिवशी तुळसीनं खरंच काय ठरवलं होतं?"

बाईंनी चिठ्ठी पालथी घातली. मग त्या म्हणाल्या, "तिनं काहीच ठरवलं नाही. मी ठरवलं. तिनं लिहिलेलं मला सोसलं नाही." आणि मग त्यांनी वेदवतीला सगळं सांगून टाकलं, कन्नडमध्ये, मान खाली घालून. नरसिंहमूर्तींना दोन ओळींचं पत्रही त्यांनी त्याच बैठकीत लिहिलं: ती आठ वाक्यं माझी आहेत, मुलीचा दोष नाही. का लिहिली, ते मात्र पत्रात आलं नाही.

गुरुवारी अकरा वाजता तुळसी आली. ती येणार नाही असं बाईंना वाटलं होतं. लाजेनं त्यांचा चेहरा काळवंडला होता आणि त्यांनी तो लपवला नाही.

"ती तीन पानं आहेत का गं?"

तुळसीनं पिशवीतून ती काढली. घडी न घालता, पुठ्ठ्यात जपून ठेवली होती.

"ती शेजारीण म्हणजे माझी आई. अन्नपूर्णा."

"ठाऊक आहे, मिस."

"केव्हापासून?"

"तुम्ही म्हणालात ना, अप्पारावांची अनुसूया, त्या दिवसापासून. म्हातारीनं नावं सांगितली होती मला. मी लिहिली नाहीत, लिहिणार नाही असा शब्द दिला होता."

"मग माझ्यासमोर वाचलंस कसं? मुद्दाम?"

"मुद्दामच," तुळसी हळूच म्हणाली. "मला वाटलं, अम्मानं काम का सोडलं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. तुम्ही मला एवढं बोलायला शिकवलं, आणि हे मला गोत्तु, मला ठाऊक, तुम्हाला नाही. ते बरं वाटेना. पण पुढचं तुम्ही वाचूच दिलं नाही. म्हातारी म्हणत होती, अन्नपूर्णाक्काला राग नव्हता. ती सगळ्यांना सांगायची, पोरगी बरोबर बोलली, तिला पुढं जायचंय. बक्षिसाचं पुस्तक ती दुपारी हातावर फडकं गुंडाळून बघायची, पानाला डाग नको म्हणून."

अनुसूयाबाई रडल्या. केंद्रात सहा टेबलं होती, चार भरलेली होती, आणि मिस रडताहेत हे सगळ्यांना दिसत होतं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. तुळसी पाणी घेऊन आली आणि त्यांच्याजवळ बसून राहिली.

थोड्या वेळानं बाईंनी नाक पुसलं. "आता ऐक. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारणार. एका म्हातारीची ऐकीव गोष्ट, त्यावर विश्वास कसा ठेवायचा? माझ्याजवळ उत्तर आहे, पण मी ते देणार नाही. तू घे. त्या अकरा जणींना जसं विचारलंस तसं मला विचार."

आणि त्या उठून समोरच्या खुर्चीत जाऊन बसल्या, जिथं मुलं बसतात तिथं.

तुळसीनं वही उघडली. तिचे प्रश्न चांगले होते, हे बाईंना आपल्या अंगावर आल्यावरच कळलं. ती घाई करत नव्हती. पिंप कुठं होतं, वास कसा यायचा, शाळेत मुली काय म्हणायच्या. बाई आपल्या मराठीत सांगत होत्या, शब्द अडला की कन्नडमध्ये, आणि मध्येच गप्प बसत होत्या, तेव्हा तुळसी म्हणायची, "परवाइल्ला मिस, थांबा हवं तर." शेवटी तिनं विचारलं, "त्या सकाळी तुम्ही नक्की काय म्हणालात?" बाईंनी सांगितलं. जसंच्या तसं, एक शब्दही न बदलता. तुळसीनं ते मराठीतच लिहून घेतलं आणि खाली इंग्रजी केलं. मग सगळं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. इंग्रजी ओबडधोबड होतं. अनुसूयाबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं की, हे तुला म्हणायचंय तसंच आहे ना? तुळसी म्हणाली, तसंच आहे.

उरलेले दिवस सरावात गेले. रोज अकरा वाजता, कधी वेदवती परीक्षक व्हायची, कधी शेजारच्या टेबलावरचा कुणी. प्रबंधात नवी पानं गेली; त्या साक्षीवर तुळसीनं 'बारावी बाई' एवढंच लिहिलं.

प्रबंध मान्य झाल्याचं परीक्षेच्या दिवशी तीन वाजता जाहीर झालं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण सांगण्यासारखं जे घडलं ते बारा वाजता. विभागातल्या सभागृहात तीसेक माणसं होती. पुढं नरसिंहमूर्ती आणि धारवाडहून आलेले परीक्षक, कोपऱ्यात गुंडुराव दुकान बंद करून आलेले, आणि सगळ्यांत मागं अनुसूयाबाई आणि वेदवती. तुळसी उभी होती आणि बोलत होती. तिची वाक्यं मध्येच थांबत, पण पडत नव्हती.

चौथ्या प्रकरणाशी परीक्षकांनी हात वर केला. "ही शेजारणीची गोष्ट. एवढा मोठा निष्कर्ष तुम्ही त्यावर टेकवलाय. मुलगी आईला असं म्हणाली, हे तुम्हाला कसं कळलं?"

"मुलीनंच मला सांगितलं," तुळसी इंग्रजीत म्हणाली. "मी तिला मराठीत विचारलं. तिनं मराठीत सांगितलं, थोडं कन्नडमध्ये. मी इंग्रजीत लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं."

"मग तिचं नाव का नाही?"

"आईचं नाव न लिहायचा शब्द मी दिलाय. मुलीचं लिहायचं की नाही, ते तिनं ठरवायचं. मी विचारलेलं नाही."

तिनं मागं पाहिलं नाही. बाईंनी ते लक्षात घेतलं. एवढ्या माणसांत ही मुलगी एकदाही मागं वळली नव्हती, त्यांच्याकडून मदतीची आशाही करत नव्हती, आणि तरी त्यांचं झाकून ठेवलेलं अजून झाकूनच ठेवत होती. नरसिंहमूर्ती कागद चाळत होते. परीक्षकांचा चेहरा काही पटलेला दिसत नव्हता.

अनुसूयाबाई उभ्या राहिल्या. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला आणि सगळे वळले. त्या तीस जणांतल्या निदान सहा-सात जणी त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या.

"मुलीचं नाव अनुसूया," त्या मराठीत म्हणाल्या, आणि मग तेच कन्नडमध्ये आणि तेच इंग्रजीत. "आईचं नाव अन्नपूर्णा. ती रंगारीण होती. माझी हरकत नाही, दोन्ही नावं घाला."

मग परीक्षक जरा पुढं झुकले आणि मघापेक्षा पुष्कळच मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी काय झालं, ते आम्हाला तुमच्या तोंडून ऐकायला आवडेल."

अनुसूयाबाईंना ते सगळ्यांपेक्षा चांगल्या इंग्रजीत सांगता आलं असतं. त्यांनी तुळसीकडं बघितलं. आता तुळसी वळली होती.

"मी नाही," बाई म्हणाल्या. "ती सांगेल." आणि त्या खाली बसल्या.